कोड आबांच्या मोबाईलवर

माझे वडील केळीकापणीच्या टोळीत घड वाहायचे. कापणारा कोयत्याने घड उतरवतो, वाहणारा तो खांद्यावर घेऊन बागेतून बांधावरच्या ट्रॅक्टरपर्यंत नेतो. दांड्यातून चीक गळत राहतो. तो कपड्यावर पडला की काळपट डाग कायमचा, कुठल्याही साबणाने जात नाही. आमच्या घरात बिनडागाचा कपडा एकच, माझा शाळेचा गणवेश. आई तो वडिलांच्या कपड्यांबरोबर एका दोरीवर वाळतसुद्धा घालत नसे.

त्याहून वाईट होतं ते वाट पाहणं. आज कोणाची बाग कापायची हे टोळीला आधी कोणी सांगायचं नाही. पंधरा-वीस माणसं उजाडता उजाडता चौकात उकिडवी बसायची. ट्रॅक्टर आला तर काम, नाही तर दहा वाजता घरी. ट्रॅक्टरचा आवाज गल्लीपर्यंत ऐकू आला की आई पिठाच्या डब्याला हात घालायची. आवाज आला नाही तर डबा बंद. आम्हा तिघी बहिणींना घड्याळ वाचता येण्याआधी तो आवाज ओळखता यायचा.

अशा घरातून मी कॉलेजात गेले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही, आणि कोणी लाजायला लावलं तर ऐकूनही घेत नाही. धुळ्याला देवपुरात मावशीकडे राहून बीसीए केलं. मावशीचं घर दोन खोल्यांचं, पण तिनं मला कधी भांड्याला हात लावू दिला नाही. "बठ्ठं शिकी ले माय, चूल काही पयी जास का?" असं म्हणायची. मी बठ्ठं, म्हणजे सगळं, शिकले की नाही ते पुढं कळेलच.

नोकरी मिळाली सावद्याजवळच्या एका केळी फळविक्री संस्थेत. वीस वर्षांहून जास्त झाली. हुद्दा कॉम्प्युटर ऑपरेटर. काम म्हणाल तर बिलं छापणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं, आणि संचालकांच्या मोबाईलमधले लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन देणं. पुढं मी संस्थेचं अ‍ॅप केलं तेव्हा एका काकांनी मला "ते तुमचं अ‍ॅप एकदा छापून द्या, घरी निवांत वाचतो" असं सांगितलं होतं. मी छापून दिलं. पहिल्या पडद्याचं चित्र. ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, आणि आठवड्यानं येऊन म्हणाले, "यात तर काहीच बदललं नाही."

संस्थेचं खरं काम कापणीचा क्रम लावायचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. केळी झाडावर हिरवीच कापावी लागते, कारण ती दिल्ली-पंजाबपर्यंत ट्रकने जाते आणि तिकडे पोचल्यावर पिकवतात. बाग कापणीवर आली की शेतकरी संस्थेत नाव देतो, आमचा माणूस बाग पाहून येतो, आणि नंबर लागतो. टोळ्या मोजक्या, ट्रक मोजके. नंबर आठ-दहा दिवस मागे गेला तर घड झाडावरच पिवळा पडायला लागतो. मग व्यापारी त्याला हात लावत नाही.

हा क्रम एका लांब वहीत असायचा. वहीत पेन्सिल चालायची आणि पेन्सिलबरोबर खोडरबरही चालायचा. ज्याचा आवाज मोठा, त्याचा नंबर वर.

वत्सलाक्का रावेरकडच्या बाजूच्या. नवरा वारल्यावर बाग स्वतः पाहतात. एका वर्षी त्यांचा नंबर पाचवा होता. त्यांच्या आधी कोणकोणाच्या बागा कापल्या गेल्या ते मी सांगत बसत नाही. नाव दिल्यापासून अकराव्या दिवशी अक्का ऑफिसात आल्या, पिशवीतून पिवळी धमक केळीची एक फणी काढली आणि माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"खाय."

"अक्का, हे काय?"

"पाचव्या नंबरची केळी व माय. झाडावर पिकली. तुह्या कॉम्प्युटरले पन खाऊ घाल, त्याच्या डोक्यात उजेड पडला तर पडला."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती फणी तशीच घरी नेली, आणि मुलांनी खाल्ली, मी नाही.

तेव्हा मी ठरवलं की हा क्रम कॉम्प्युटरमध्ये आणायचा आणि असा आणायचा की खोडता येणार नाही. शेतकऱ्यानं नाव दिलं की नंबर लागेल, त्याच्या मोबाईलवर संदेश जाईल, आणि बदल केला तर कोणी, कधी केला ते दिसेल. एवढंच.

पण मला कॉलेज सोडून वीस वर्षं झालेली. शिकलेले प्रोग्रॅम आता संग्रहालयात ठेवण्यासारखे. माझा वर्गमित्र निसार देवपुरात कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्याला फोन केला.

"अरे यार रंजना, आता कोण कोड लिहितं? लो-कोड वापर. तयार खोके ओढायचे, जोडायचे. आणि डेव्हलपर एन्व्हायर्नमेंट फुकट मिळतं. आधी करून बघ, मग कमिटीला दाखव."

लो-कोड म्हणजे काय, ते मी आमच्या संचालकांना असं समजावलं होतं. पूर्वी प्रोग्रॅम म्हणजे ज्वारी निवडण्यापासून भाकरीपर्यंत सगळं आपणच. आता पीठ मळून मिळतं, थापायचं आणि भाजायचं. आणि फुकटचं डेव्हलपर एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय? शिवणक्लासात पोरी आधी वर्तमानपत्राच्या कागदावर ब्लाऊज बेततात ना, तो कागद. चुकलं तर फाडा, दुसरा घ्या. फक्त तो कागदाचा ब्लाऊज अंगात घालून लग्नाला जायचं नसतं.

हे उदाहरण माझंच. ते लक्षात ठेवा, कारण पुढं मी तोच ब्लाऊज घालून लग्नाला गेले.

तेव्हाचे चेअरमन आबा. केळीच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस, बागेत पाय टाकला की घडाचं वजन सांगणारा. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध त्यावरची धूळ पुसायला लावण्यापुरता. ते म्हणाले, "फुकट होतं नं? मंग कर."

झालं. मी बसले फॉर्म भरायला. पहिल्याच ओळीत अडले. माझा रोजचा ई-मेल टाकला, तर म्हणे हा चालणार नाही, कामाचा किंवा शाळेचा द्या. अहो, मी कामावरच बसलेय ना? निसारला फोन. तो म्हणाला संस्थेच्या वेबसाइटच्या नावाचा ई-मेल लागेल. आमची वेबसाइट होती. आधीच्या एका चेअरमननं स्वतःचा फोटो लावायला काढलेली. त्या फोटोपलीकडे तिच्यात काही नव्हतं, पण ई-मेल निघत होता. त्याचा पासवर्ड शिपायानं आलमारीच्या दाराच्या आत खडूनं लिहून ठेवलेला. दोन दिवस त्यातच गेले.

मग देश निवडा. यादीत भारत सापडेपर्यंत माऊसचं चाक फिरवून बोट दुखलं. मग विभाग निवडा, भाषा निवडा, चलन निवडा. खाली बारीक अक्षरात, हे नंतर बदलता येणार नाही. लग्न जमवताना सुद्धा एवढं निक्षून कोणी सांगत नाही. मग "तुमचं एन्व्हायर्नमेंट तयार होत आहे" असं म्हणत एक गोल फिरत राहिला. वीज गेली. आली. पुन्हा गोल. आबा दारातून डोकावून विचारायचे, "झालं का व?" मी म्हणायचे, "फिरतंय आबा." ते म्हणायचे, "ट्रॅक्टरचं चाक असतं तर एवढ्या वेळात रावेरले जाऊन आलं असतं."

आणि मग आली ती ओळ. सुरक्षेसाठी मोबाईल नंबर द्या, त्यावर कोड येईल.

मी माझा नंबर टाकायला घेतला. आबा पाठीमागं उभे होते.

"तुहा कायले? महा टाक."

"आबा, दर वेळी कोड येईल. तुम्ही शेतात असाल."

"आता संस्थेचं वीजबिल कोनाच्या मोबाईलवर येतं? मह्या. गोडाउनचं? मह्या. चेअरमनचा मोबाईल म्हंजे संस्थेचा मोबाईल. तुहा टाकला तर उद्या लोक म्हनतीन, संस्था रंजनाची झाली."

ही आमच्याकडची रीत. कुठलाही कागद असो, मोबाईल चेअरमनचा. आणि चेअरमनपद आमच्याकडे दोन वर्षांनी फिरतं, आळीपाळीनं, ते गावाचं आपसातलं ठरलेलं. म्हणजे दर दोन वर्षांनी संस्थेचे सगळे मोबाईल नंबर जुन्या माणसाच्या खिशात राहतात. पदवीधर मी एकटी त्या खोलीत. मला हे दिसायला नको होतं? दिसलं होतं. पण आबांनी खुर्ची ओढून घेतली आणि मी त्यांचा नंबर टाकला. निसारला सांगितलं तेव्हा तो फोनवर नुसता "बरं" म्हणाला. धुळ्याच्या माणसाचं असं "बरं" म्हणजे "भोगशील", हे खानदेशातल्यांना सांगायला नको.

अ‍ॅप झालं. महिन्याभरात. रंग मीच निवडला, हिरवा. आम्ही चार बागांवर करून पाहिलं, मग दहा, मग सगळ्यांवर. लोकांच्या मोबाईलवर "तुमचा कापणी क्रमांक" म्हणून संदेश जायला लागले. एक आजोबा तो संदेश दाखवायला जावयाच्या गावी गेले. निसार दर आठवड्याला सांगायचा, "रंजना, ते टेस्टिंगचं आहे. खरं एन्व्हायर्नमेंट घ्या. आणि तोवर दर शनिवारी एक पॅकेज फाइल, म्हणजे सगळ्याची एक प्रत, उतरवून ठेव." मी म्हणायचे, "या शनिवारी नक्की." आणि वही? ती मीच कपाटात टाकली. नवीन हंगामाची नावं आता आगाऊ घेतली, आणि ती सगळी नोंद फक्त अ‍ॅपमध्ये. वत्सलाक्का पहिल्याच आठवड्यात येऊन नाव देऊन गेल्या. त्यांना तिसरा नंबर लागला. संदेश आल्यावर त्यांनी तो तीनदा वाचायला लावला.

मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आणि दीड-दोन महिने मी घरी. कापण्या तेव्हा थंडावलेल्या असतात, म्हणून कोणी अ‍ॅप उघडलं नाही. मी नसताना चेअरमनपद फिरलं. आबा गेले, नाना आले. आळीपाळी ठरलेली होती, तरी आबांना वाटत होतं की एक वर्ष वाढवून मिळेल. नाही मिळालं. ते रुसून घरी बसले. नानांनी आल्या आल्या ऑफिसला रंग दिला आणि माझा जुना कॉम्प्युटर काढून नवा आणला.

मी परत आले, संस्थेचा ई-मेल उघडला. एकाखाली एक चार मेल. तुमचं एन्व्हायर्नमेंट बरेच दिवस वापरलं गेलेलं नाही, म्हणून बंद केलं आहे. अमुक तारखेला ते कायमचं काढून टाकलं जाईल. चालू करायचं असेल तर साइन-इन करा. चार दिवस उरले होते.

जुन्या कॉम्प्युटरवर मी कायम साइन-इनच असायचे, नव्यावर पहिल्यापासून करावं लागलं. पडद्यावर आलं: कोड पाठवला आहे. शेवटचे दोन आकडे दिसत होते. आबांच्या मोबाईलचे.

मी आबांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाणी आणलं, तब्येत विचारली. आबांनी विचारली नाही. मी सगळं सांगितलं, की यादी जाईल, लोकांचे नंबर जातील. माझ्या मोबाईलवर साइन-इनचं पान उघडलं आणि कोड मागवला. झोपाळ्यावर पडलेला त्यांचा मोबाईल थरथरला. मी हात पुढं केला. त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"महा नंबर कितवा हाये त्या यादीत?"

"एकोणिसावा, आबा."

"दोन वर्षं चेअरमन होतो. संस्थेसाठी मोटारसायकल झिजोली. अन एकोनिसावा?"

"नाव उशिरा दिलं होतं तुम्ही."

"कोड घे. मले काय करायचं त्याचं? पन मले पह्यल्या पाचात टाक. कोनाले कळतं?"

काकू आतून म्हणाल्या, "देऊन टाका नं हो, बाईचं पोट कापलेलं हाये, उभी राह्यली ती." त्यांनी ऐकलं नाही.

कोड पाच-दहा मिनिटंच टिकतो. सहा आकडे त्या तळहाताखाली होते. ज्या यादीत कोणी घुसू नये म्हणून मी ती केली, ती वाचवायला कोणाला तरी घुसवायचं. माझ्या मनात आलं, हो म्हणावं, कोड घ्यावा आणि नंतर काही करू नये. खोटं सांगत नाही, आलं होतं मनात. पण तोंडून निघालं नाही.

"नाही जमणार, आबा."

"मंग मले बी नई जमत."

पाणी अर्धं तसंच ठेवून मी निघाले.

निसारला सांगितलं तर तो भडकलाच. "अगं, घ्यायचा ना कोड! मग शब्द मोडायचा!"

"आणि त्यांनी गावभर सांगितलं असतं की रंजना मॅडम यादीत नंबर बदलून देते, मला देते म्हणाली होती. मग? वही काय वाईट होती?"

तो म्हणाला, "शनिवारची फाइल उतरवली होतीस?"

एकाही शनिवारची उतरवली नव्हती. त्यानं कंपनीला ई-मेलवरून तक्रार नोंदवायला लावली. उत्तर आलं की विनंती मिळाली आहे. पाचव्या दिवशी सकाळी दुसरा मेल आला. काढून टाकलं. एवढी मेहनत, आणि मेल दोन ओळींचा. त्यात माझं नावही नव्हतं. "प्रिय वापरकर्ता."

त्या दिवशी मी नानांच्या केबिनमध्ये जाऊन स्वच्छ सांगितलं की यादी गेली, चूक माझी. ते घाबरले. म्हणाले, वही काढा, मी पेन्सिलनं लावतो क्रम. मी म्हटलं, पेन्सिल नको. मला एक रविवार द्या.

मी सगळ्यांना फोन केले. रविवारी सकाळी संस्थेच्या आवारात या, नंबराचा संदेश मोबाईलवर असेल तर आणा. आले सगळे. अर्ध्या लोकांनी संदेश पुसलेले. पण मला जे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं ते तिथं कळलं: शेतकरी स्वतःचा नंबर विसरत नाही, आणि आपल्या पुढचा माणूस तर मुळीच विसरत नाही. मी म्हटलं, "आपापल्या नंबरानं रांगेत उभे राहा." क्रेटच्या थप्प्यांमधून रांग लागली. भांडणं झाली. सातव्या आणि आठव्यानं एकमेकांना बरंच काही ऐकवलं, मग नवव्यानं दोघांचे मोबाईल ओढून घेतले आणि एका मोबाईलवर संदेश सापडला. सकाळ सगळी गेली. मी टाक्यांच्या जागेवर हात धरून खुर्चीवर बसून लिहून घेत होते.

आबा उशिरा आले. पांढरे कपडे, गॉगल. येऊन रांगेच्या तोंडाशीच, चौथ्या माणसाशेजारी उभे राहिले. सगळे आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागले. मीसुद्धा मान खाली घातली, खोटं का बोलू.

तिसऱ्या नंबरवरून वत्सलाक्का वळल्या.

"आबा, तुम्ही एकोनिसावे हाये. आठवडाभर साऱ्या गावाले तुम्हीच सांगत फिरले का एकोनिसावा देला, एकोनिसावा देला. आता मांघं व्हा."

आवारात हसू फुटलं. आबांनी गॉगल काढला, आकाशाकडे पाहिलं. "मले मालूम हाये. मी सावली पाहत होतो," असं म्हणत ते मागे गेले. अठराव्याच्या मागे उभे राहिले. तिथं मात्र ऊन होतं, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मी लिहिलं: एकोणीस.

मग पुन्हा फॉर्म. पुन्हा देश, विभाग, चलन, पुन्हा तो फिरणारा गोल. या वेळी मोबाईल नंबराच्या ओळीवर आल्यावर नाना मागून म्हणाले, "माझा टाका."

मी खुर्ची वळवली आणि काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. संस्थेच्या नावाचं सिमकार्ड घ्यायला दोन बैठका आणि एक ठराव लागला. ते कार्ड एका साध्या बटनांच्या मोबाईलमध्ये टाकून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलंय, आणि किल्ली कार्यालयाच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी. करून पाहायचं एन्व्हायर्नमेंट वेगळं, रोजच्या वापराचं वेगळं. दर शनिवारी दुपारी फाइल उतरते. निसारला तिचा फोटो पाठवते. तो "बरं" म्हणतो, पण हे "बरं" वेगळं.

आबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. काकू बोलतात. मी त्यांच्याकडे जाऊन चार गोड शब्द बोलायला हवे होते, चेअरमनपद गेल्या गेल्या, कोडाचं काम नसताना. नाही गेले. ही चूक कुठल्या फाइलमधून परत मिळत नाही.

या हंगामात बेचाळीस बागा लागलेल्या क्रमानं कापल्या गेल्या. कोणाचाही नंबर बदलला नाही. तिसरी बाग वत्सलाक्कांची होती.